मशागत आणि राखण : सृष्टीची काळजी हा श्रद्धेचा भाग का?



मांजरसुंबा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चौक येतो. उत्तरेला घाट उतरला की बीड, दक्षिणेला चौसाळ्यावरून धाराशिव आणि सोलापूर, पूर्वेला नेकनूर, केज, अंबाजोगाई आणि पश्चिमेला पाटोद्यावरून नगरची वाट. माणसे इथे चहाला थांबतात आणि आपापल्या रस्त्याला लागतात. पण या माथ्यावर वाटा फुटतात त्या फक्त माणसांच्या नाहीत, पाण्याच्याही फुटतात. बालाघाटाच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस बिंदुसरेत जातो, बीड शहरातून सिंदफणेला आणि पुढे गोदावरीला मिळतो. तोच पाऊस जरा इकडे, दक्षिणेच्या अंगाला पडला तर मांजरेत जातो, धनेगावच्या धरणात थांबतो, लातूरची तहान भागवतो आणि कर्नाटक-तेलंगणातून मोठा वळसा घालून शेवटी कंदकुर्तीपाशी गोदावरीलाच मिळतो. म्हणजे आपण आज जिथे बसलो आहोत तो माथा आहे. माथ्यावर राहणाऱ्याने पाण्याचे काय केले, हे पायथ्याच्या माणसाला कळते. एवढी गोष्ट मनात ठेवा, बोलण्याच्या ओघात आम्ही तिच्याकडे परत येऊ.

आज विषय दिला आहे ‘सृष्टीची काळजी आणि ख्रिस्ती श्रद्धा’. आम्ही ‘आम्ही’ म्हणू तेव्हा ते प्राध्यापकी बोलणे समजू नका. रविवारी उपासनेला बसणारे आम्ही सगळे, असा त्याचा अर्थ घ्या. कारण या विषयात सांगण्यासारखे जसे आहे, तसे कबूल करण्यासारखेही आहे आणि ते एकट्याचे नाही. समोर बसलेले बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत, हे आम्हाला दिसते आहे. तुम्हाला आमच्या धर्मात बोलवायला आम्ही आलो नाही. आमच्या शास्त्राने आमच्यावर कोणते काम टाकले आहे आणि ते आम्ही केले की नाही, हे तुमच्यासमोर तपासून पाहावे, एवढाच हेतू.

सुरुवात आरोपापासून करू. १९६७ साली लिन व्हाइट नावाच्या एका अमेरिकन इतिहासकाराने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. तो मध्ययुगाचा अभ्यासक. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आजच्या पर्यावरण-संकटाची मुळे फक्त यंत्रांत नाहीत, पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारातही आहेत. झाडात, झऱ्यात, डोंगरात देवत्व आहे असे मानणारी माणसे झाड तोडण्याआधी थबकत. ख्रिस्ती धर्माने ते देवत्व काढून घेतले आणि माणसाला सांगितले की ही सृष्टी तुझ्यासाठी आहे. मग थबकायचे कशाला?

या लेखावर अर्धशतकाहून जास्त काळ वाद चालू आहे. आमच्यातले अनेक जण चिडले. पण चिडणे हे उत्तर नव्हे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्याला पृथ्वी सत्तेखाली आणायला सांगितले आहे, हे खरेच आहे. तिथले मूळ हिब्रू शब्द, ‘काबाश’ आणि ‘रादा’, मऊ नाहीत. राजाच्या सत्तेचे शब्द आहेत. आणि त्या शब्दांचा आधार घेऊन माणसांनी जंगले आणि डोंगर ओरबाडले, हेही नाकारता येत नाही. मात्र लोक एक गोष्ट विसरतात. व्हाइटने लेखाच्या शेवटी धर्म सोडून द्या असे म्हटले नाही. दुखणे धर्मातून आले असेल तर औषधही धार्मिकच हवे, असे म्हणून त्याने असिसीकर संत फ्रान्सिसचे नाव सुचवले. पुढे १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी फ्रान्सिसला पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. टीकाकाराने दाखवलेली वाट चर्चने बारा वर्षांनी धरली, असे म्हणायला हरकत नाही.

आता शास्त्राचे पान उलटू. पहिल्या अध्यायापाशी थांबणाऱ्याने दुसरा वाचलेला नसतो. दुसऱ्या अध्यायात देव मनुष्याला मातीपासून घडवतो. हिब्रूत माती म्हणजे ‘अदामा’ आणि माणूस ‘आदाम’. आपल्याकडे काळ्या आईचे लेकरू म्हणतात, त्याच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे. मग देव त्याला बागेत ठेवतो आणि दोन कामे देतो. हिब्रू शब्द ‘आबद’ आणि ‘शामर’. मराठी शास्त्रात त्यांच्यासाठी फार नेमके शब्द आले आहेत: मशागत आणि राखण.

शेतकऱ्याला हे दोन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. मशागत म्हणजे नांगरणी, कुळवणी, खुरपणी; जमिनीकडून घेण्यासाठी केलेले कष्ट. राखण वेगळी. ज्वारी हुरड्याला आली की माळ्यावर गोफण घेऊन बसतो, ती राखण. राखणदार काही पिकवत नाही, जे आहे ते जाऊ देत नाही. आणि सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे राखणदार मालक असेलच असे नाही.

मालक कोण, हे लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात स्पष्ट केले आहे. जमीन कायमची विकायची नाही, कारण ती देवाची आहे. तुम्ही तिच्यावर परके आणि उपरे आहात, असा त्या वचनाचा आशय आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर आपण कूळ आहोत. सातबाऱ्यावर नाव कोणाचेही असो, या हिशेबात सगळेच कूळ. आणि या कुळावर अटी आहेत. सहा वर्षे जमीन कसायची, सातव्या वर्षी तिला विसावा द्यायचा. निर्गमात पुढे सांगितले आहे की त्या पडीक वर्षात जे आपोआप उगवेल ते गरिबांनी खावे आणि त्यातून उरेल ते रानातल्या जनावरांनी. बघा, जमिनीचा विसावा, गरिबाचे पोट आणि रानातले जनावर, तिन्ही गोष्टी एकाच नियमात आहेत.

आता आज जे मुख्य सांगायचे आहे त्याकडे येतो. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइन आणि हाबेल या भावांची गोष्ट आहे. हाबेल मेंढपाळ, काइन शेतकरी. काइनाच्या शेतीसाठी तिथे जो शब्द आहे तो तोच, ‘आबद’. म्हणजे मशागत त्याला येत होती. तो भावाला मारतो. देव विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे? काइन उलट विचारतो, मी काय त्याचा राखणदार आहे? या ‘राखणदार’ शब्दाचा धातू ‘शामर’. बागेसाठी सांगितलेले काम आणि भावासाठी नाकारलेले काम, दोन्हीकडे शब्द एकच. पुढची शिक्षाही पाहा: ही जमीन यापुढे तुला आपले सत्त्व देणार नाही. मशागत करीत राहिला, राखण नाकारली, आणि जमीन उलटली.

आमच्या मते सृष्टीच्या काळजीचे सगळे ख्रिस्ती तत्त्वज्ञान या एका शब्दात आहे. जमीन राखणे आणि भाऊ राखणे ही दोन कामे नाहीत. एक सोडून दुसरे करता येत नाही.

हे आम्हाला पुस्तकात कळले होते. विहिरीवर कळायला उशीर झाला. आमच्या घरची थोडी कोरडवाहू जमीन होती. एका दुष्काळी वर्षी आम्ही बोअर घेतले. पहिले फुफाटा उडवून गेले. दुसरेही तसेच. तिसऱ्याला पाणी लागले, आम्ही नारळ फोडला नाही पण प्रार्थना जरूर केली. त्या उन्हाळ्यात खालच्या अंगाच्या शेजाऱ्याच्या विहिरीने तळ दाखवला. त्याची विहीर बापजाद्यांची, फार खोल नव्हती. तो भांडायला आला नाही. एक दिवस बांधावर भेटला आणि म्हणाला, ‘सर, तुमच्याकडं पाणी आलं म्हणं.’ एवढेच. त्याच रविवारी आम्ही उपासनेत पावसासाठी प्रार्थना केली होती. काइनाचा अध्याय आम्ही त्यानंतर वेगळ्या तऱ्हेने वाचू लागलो. आमचे तिसरे बोअरही पुढे काही वर्षांत आटले, हे सांगायला हवे.

यात भूगर्भाचे साधे कारण आहे. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, बसाल्ट. वरचा झिजलेला, भेगाळलेला मुरमाड थर पाणी धरतो. त्याच्या खाली बहुतेक ठिकाणी घट्ट खडक, पाणी असले तर फटींत. वाळूच्या प्रदेशासारखा खोल साठा इथे नाही. म्हणून खोल जाणारा बऱ्याचदा नवे पाणी शोधत नाही, वरच्या थरातले, शेजाऱ्याच्या विहिरीतलेच पाणी खाली ओढतो. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाकाच्या विहिरींची कथा आहे. बापाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवलेल्या. तो त्या पुन्हा उपसतो आणि त्यांना बापाने दिलेलीच नावे देतो. मग त्याची माणसे नव्या खणतात, भांडण होते. तो सोडून पुढे जातो. पुन्हा भांडण, पुन्हा पुढे. तिसरी विहीर खणली तेव्हा भांडण झाले नाही. तिचे नाव ठेवले रहोबोथ, म्हणजे सर्वांना पुरेशी जागा. विहीर कोणती चांगली, तर जिच्यावरून भांडण होत नाही ती. आमचे तिसरे बोअर रहोबोथ नव्हते.

मग काय करता येते? यासाठी पश्चिमेच्या रस्त्याने नगरकडे जाऊ. स्वित्झर्लंडमधून हर्मन बाखर नावाचे येशूसंघाचे धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि त्यांचे आयुष्य नगर जिल्ह्याच्या दुष्काळी भागात गेले. तिथे त्यांनी ‘सोशल सेंटर’ ही संस्था उभी केली. पुढे त्यांच्या पुढाकारातून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला, जर्मन सरकारचा निधी आणि नाबार्डची जोड घेऊन. १९९३ साली त्यांनी आणि क्रिस्पिनो लोबो यांनी ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ स्थापन केला. २०१७ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी कराराचा ‘लँड फॉर लाइफ’ पुरस्कार मिळाला. फादर बाखर २०२१ मध्ये वारले.

या कामाचे सूत्र ‘माथा ते पायथा’. आधी डोंगरमाथ्यावर समपातळीत सलग चर खणायचे, त्यांच्या काठाने झाडे आणि गवत लावायचे. मग उतारावर दगडी बांध, शेतांची बांधबंदिस्ती, आणि सर्वांत शेवटी खाली नाल्यावर माती-सिमेंटचे बंधारे. उलटे केले, आधी खाली बंधारा घातला, की दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचे, चालणाऱ्याला थांबवायचे आणि थांबलेल्याला मुरवायचे.

एक हिशेब करू. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होते. म्हणजे एक टँकर! आपल्याकडे वाईट वर्षी ३०० मिलिमीटर पडला असे धरा. एका हेक्टरवर ३०० टँकर आभाळातून येऊन गेले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते सर्वांना आठवत असेल. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. एका हेक्टरवरचा ५० मिलिमीटर पाऊस तेवढाच भरतो. सगळा पाऊस अडवता येत नाही, काही वाफ होतो, काही नदीला जायलाच हवा. पण किती जातो आणि किती मुरतो, हे बऱ्याच अंशी माथ्यावर ठरते.

आणि या कार्यक्रमात पैशाआधी गावाला अटी होत्या. श्रमदान करायचे. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. फार पाणी पिणारी पिके टाळायची. गावाची पाणलोट समिती नेमायची आणि कारभार तिने पाहायचा. लेवीयच्या कुळाला घातलेल्या अटींची आम्हाला यात आठवण झाली. माथ्यावर चर खणणाऱ्याला त्याच दिवशी काही मिळत नाही. पाणी उगवते खाली, दुसऱ्याच्या विहिरीत. शेजाऱ्यावर प्रीती करा असे आम्ही शिकवतो, ते कुदळीने करायचे झाले तर असे दिसते.

पण इथे थांबलो तर अर्धेच खरे बोललो असे होईल. माथ्यावर चराईबंदी झाली की पहिला फटका कोणाला बसतो? ज्याची जमीन नाही आणि चार शेळ्या आहेत, त्याला. बहुधा तिला. पाणी वाढते ते पायथ्याच्या विहिरीत, आणि विहीर असते जमीनवाल्याची. या कार्यक्रमाचा अभ्यास करणाऱ्यांनीही ही अडचण मांडली आहे. भूमिहीनाने शेळ्या विकून डोंगर हिरवा केला आणि त्या पाण्यावर दुसऱ्याने ऊस लावला, तर डोंगर राखला गेला, भाऊ राखला गेला नाही. आणि तो ऊस तोडायला दिवाळीनंतर कोयता घेऊन कोण निघते, हे बीड जिल्ह्यात आम्ही सांगायला नको.

आमच्या समाजाला हा प्रश्न फार जवळचा आहे. नगर-मराठवाड्यातले बहुतेक ख्रिस्ती ज्या समाजांतून आले, त्यांना गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते आमच्याही पूर्वजांसाठी होते. ज्यांच्यासाठी पाणी शतकानुशतके बंद होते, त्यांना कोणी नुसते ‘निसर्ग वाचवा’ म्हणून सांगू नये. आधी विचारावे लागेल, वाचवलेल्या पाण्यात वाटा कोणाचा? २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्र लिहिले. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगवेगळे ऐकू नका, हा त्याचा गाभा आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवून थांबतो. १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस. १९८९ मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चचे पॅट्रिआर्क दिमित्रिओस यांनी तो सुरू केला, आणि आता अनेक चर्चेस ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, सृष्टीचा काळ पाळतात. युरोपात तेव्हा हिवाळा जवळ येत असतो. आपल्याकडे परतीचा पाऊस असतो, विहिरी भरलेल्या असतात, बालाघाटावर सीताफळे डोळे उघडत असतात. हाच काळ हिशेबाचा आहे. प्रत्येक मंडळीने, आणि मंदिर-मशिदीने केले तरी उत्तमच, गावातल्या चार-पाच विहिरींची पातळी दोरी सोडून मोजावी आणि फळ्यावर लिहावी. रब्बीला काय पेरायचे हे त्या आकड्याकडे बघून गावाने ठरवावे. चराईबंदी करायची तर आधी शेळीवाल्यांना बसवून विचारावे आणि अडवलेल्या पाण्यातला, कापलेल्या चाऱ्यातला त्यांचा वाटा लिहून ठेवावा. कापणीच्या सणाला आपण धान्याची पाटी वेदीपुढे ठेवतो. त्या दिवशी एवढेही विचारावे की हे धान्य पिकवताना कोणाची विहीर आटली?

व्याख्यानानंतर एका तरुणाने प्रश्न विचारला, तो इथे नोंदवतो. तो म्हणाला, ‘सर, एवढं सगळं केलं आणि पाऊसच पडला नाही, तर तुमच्या देवाला काय म्हणायचं?’

प्रश्न प्रामाणिक होता. आम्ही म्हणालो, पाऊस पाडणे हे काम आम्हाला दिलेले नाही. मशागत आणि राखण दिलेली आहे. सलग दोन वर्षे पाऊस गेला तर चर कोरडे राहतील, हे खरे आहे आणि त्यावर आमच्याकडे गोड उत्तर नाही. पण कोरड्या वर्षीही एक फरक राहतो. ज्या गावाने पाणी मोजायला आणि वाटायला शिकून घेतले, त्या गावात शेवटच्या हंड्यावरून भांडण होत नाही.

तो तरुण थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, ‘आमच्या गावात होतं.’

आम्ही म्हणालो, मग खणायला तिथूनच सुरुवात करावी लागेल.